गाविलगडाचा दरवाजा



चिखलदऱ्याला सहलीला गेलो की आपण गाविलगडाच्या दरवाजापाशी फोटो काढतो आणि परततो. पुढच्या वेळी तिथे जरा मान वर करून बघा. दिल्ली दरवाजावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. ही विजयनगरची खूण. ती वऱ्हाडात कशी आली?

१४९० मध्ये इमादशाही स्थापन करणारा फतहुल्ला इमादुल्मुल्क मूळचा विजयनगरच्या मुलखातला, ब्राह्मण घरातला. लहानपणीच बहमनी फौजेच्या हाती लागला. नाव बदलले, धर्म बदलला. पुढे त्यानेच हा गड दुरुस्त केला. मला तरी त्या पक्ष्यात बालपणाची आठवण दिसते.

गडाला बाकी बाजूंनी कडे आहेत. उत्तरेला डोंगर सपाटीने जोडलेला, म्हणून तिथे एकापुढे एक तट बांधले. तरी १५ डिसेंबर १८०३ रोजी वेल्स्लीच्या फौजेने उत्तरेचाच बाहेरचा तट तोफांनी फोडला आणि आतल्या तटाला शिड्या लावून दार उघडले. तट पडला, पक्षी राहिला.

दानिएललाही बाबेलमध्ये नवे नाव मिळाले. तरी यरुशलेमेकडची खिडकी उघडून तो दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. ती सवय त्याने घरूनच नेली होती.

आपली मुले बारावीनंतर नागपूर-पुण्याच्या होस्टेलवर जातात. आईवडील म्हणतात, ‘फादर, तिथे लक्ष ठेवायला कोणी नाही.’ खरे आहे. तिथे आपण तट बांधू शकत नाही. पण संध्याकाळची रोझरी किती घरांत होते, हे मी पुढच्या महिन्यात घरभेटीला आलो की विचारणार आहे. तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवा.

– तुमचे फादर