आंबा चालेल, आंबेवाला नको

मांडवी या शब्दाचा एक जुना अर्थ आहे जकातीची जागा. मांडवी मुंबईत आहे, कच्छमध्ये आहे आणि आमची रत्नागिरीची तर आहेच. आज इथे लोक संध्याकाळी काळ्या वाळूत भेळ खातात आणि जेटीवर जाऊन सेल्फी काढतात. पण नावच सांगतं की बंदर म्हणजे नुसती होडी लागायची जागा नव्हे. कुणाचा माल आत येणार, किती पैसे भरून येणार आणि त्याच्याबरोबर आलेला माणूस किती दिवस राहणार, हे ठरवायची ती जागा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोविडमध्ये घरी आलो तो इथेच राहिलो. ज्या टीमसाठी कोड लिहितो ती इंग्लंडमध्ये बसते, त्यामुळे ब्रेक्झिटच्या बातम्या मी क्रिकेटच्या स्कोअरसारख्या बघत आलोय. इतकी वर्षं बघून माझ्यापुरता एकच प्रश्न उरलाय. एखाद्या देशाने म्हणावं, ‘तुमचा माल पाठवा, माणसं पाठवू नका’, हे म्हणणं न्यायाचं आहे का? आणि त्याआधी, ते शक्य तरी आहे का?

आंब्यापासूनच सुरुवात करू. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारतातला आंबा बंद केला. सोबत वांगी, अळू, कारली आणि पडवळ. कारण फळमाशी. आधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या २०७ खेपांमध्ये कीड सापडली होती. ऐन हंगामात हे झालं. लंडन आणि लेस्टरच्या दुकानदारांनी आरडाओरडा केला. लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी पंतप्रधान कॅमेरून यांना आंब्याची पेटी पाठवली. वाझ यांचं घराणं मूळ गोव्याचं, तेव्हा हापूस म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. पण कॅमेरून यांनी मनात आणलं असतं तरी एकट्याने बंदी उठवता आली नसती. व्यापाराचे नियम सगळ्या युनियनचे मिळून ठरत होते. इकडे विकायला तयार असलेला बागायतदार, तिकडे घ्यायला तयार असलेला दुकानदार आणि मध्ये ब्रसेल्स.

दोन वर्षांनी ‘आमचे निर्णय आम्हाला परत द्या’ असं म्हणणाऱ्या ब्रिटिश मतदाराला मूर्ख म्हणायची घाई मला म्हणूनच होत नाही. २०१४ चा मे महिना आठवला की त्याचं म्हणणं रत्नागिरीत बसूनही कळतं.

मात्र या गोष्टीला एक बारीक पदर आहे, जो आमच्याकडे कुणी सांगत नाही. ब्रिटनच्या सरकारी खात्यालाही ही बंदी हवीच होती. त्यांच्याकडे टोमॅटो-काकडीचं ३२ कोटी पौंडांचं पीक आहे आणि या किडीने त्याला धोका होता. म्हणजे दोष ब्रसेल्सचा, सोय लंडनची. युनियनचा हा उपयोग कुठल्याच अर्थशास्त्राच्या पुस्तकात ठळकपणे लिहिलेला नसतो. एकत्र कुटुंबात नकोशा पाहुण्याला ‘थोरल्यांना विचारून सांगतो’ म्हणता येतं, तसा तो उपयोग. वेगळं बिऱ्हाड केलं की नाही म्हणायचं ते स्वतःच्या तोंडाने.

(बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. आपण पॅकहाउसमधली तपासणी कडक केली, आंब्याला गरम पाण्यातून काढायला लागलो. भाषणांनी नाही, पाण्याच्या तापमानाने तो प्रश्न सुटला.)

जून २०१६ मध्ये मतदान झालं, ५२ विरुद्ध ४८ टक्के. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं आणि त्या वर्षाच्या शेवटी युनियनच्या बाजारातूनही. बाहेर पडल्यावर सीमा कुठेतरी आखावी लागतेच. आयर्लंडच्या बेटावर ती आखली तर जुनी जखम उघडी पडते, म्हणून ती समुद्रात गेली आणि ब्रिटनमधूनच उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी सुरू झाली. आमच्या कामात एखादी जुनी लायब्ररी काढून टाकली की कळतं, कुठला कोड तिच्यावर उभा होता. तोपर्यंत प्रत्येकाला वाटत असतं की आपलं मॉड्यूल स्वतंत्र आहे.

पण खरी पंचाईत दुसरी होती. बाहेर पडताना मतदाराला दोन गोष्टी एकत्र सांगितल्या गेल्या: जगाशी मोकळा व्यापार करू आणि येणारे लोंढे थांबवू. भारताकडे विकायला काय आहे? आंबा, कापड, कोळंबी आहेच. पण भारताची मोठी विक्री म्हणजे काम करणारी माणसं. थेरेसा मे नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्लीला आल्या, व्यापाराचं बोलल्या. दिल्लीने विद्यार्थ्यांच्या आणि कामगारांच्या येण्याजाण्याचं काढलं. चर्चा पुढची कितीतरी वर्षं तिथेच अडखळत राहिली.

वाटाघाटी रीतसर सुरू झाल्या जानेवारी २०२२ मध्ये. एप्रिलमध्ये बोरिस जॉन्सन दिल्लीत म्हणाले, दिवाळीपर्यंत करार करू. आपल्याकडे घराचं रंगकाम करणारा माणूसही दिवाळीचाच वायदा देतो. दिवाळी होती २४ ऑक्टोबरला. त्याआधीच जॉन्सन गेले, लिझ ट्रस आल्या आणि २० तारखेला त्यांनीही राजीनामा जाहीर केला. त्याच महिन्यात गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी एका मुलाखतीत सांगितलं की भारताशी असा करार म्हणजे दारं सताड उघडी टाकणं होईल, व्हिसा संपूनही राहणाऱ्यांत भारतीयच सर्वांत जास्त आहेत. दिल्ली दुखावली. ब्रेव्हरमन यांचे वडील मूळ गोव्याच्या कुटुंबातले, केनियातून ब्रिटनला गेलेले. गोव्याशी नातं असलेला एक खासदार आंबा आत घ्या म्हणून भांडतो आणि तसंच नातं असलेली एक मंत्री माणसं आत घेऊ नका म्हणते, यात मला नुसता विनोद दिसत नाही. दोघंही आपापल्या मतदाराशी प्रामाणिक होते. अडचण अशी की दोघांचा मतदार एकाच देशात राहत होता.

अखेर ६ मे २०२५ ला करार ठरला आणि २४ जुलैला सही झाली. स्कॉच व्हिस्कीवरची आपली जकात १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर. आपल्या बहुतेक सगळ्या मालाला ब्रिटनमध्ये जकात माफ. आणि माणसांचं? आचारी, योगशिक्षक, गाणारे-वाजवणारे मिळून वर्षाला १,८०० जणांना वाट. शिवाय एक वेगळा करार: कंपनीने तात्पुरत्या पाठवलेल्या माणसाला तीन वर्षांपर्यंत तिथला सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरावा लागणार नाही, तो इथेच भरेल.

दिल्लीने ही सवलत मोठ्याने सांगितली, लंडनने व्हिस्की आणि गाड्या मोठ्याने सांगितल्या. मग तिथल्या विरोधकांच्या लक्षात आलं आणि आरोप झाला की भारतीय माणूस ब्रिटिश माणसापेक्षा स्वस्त करून ठेवला. सरकारने उत्तर दिलं की असे करार इतर देशांशीही आहेत. खरं होतं ते. पण ‘लोंढे थांबवू’ म्हणून मतं मागितलेल्या देशात हे उत्तर कुजबुजल्यासारखं ऐकू येतं.

इथे मी तटस्थ नाही. मला मध्यंतरी विचारणा झाली होती, दोन वर्षं तिकडे येशील का. मी नवा होतो तेव्हा आमच्यातला एक जण तसा जाऊन आला होता. दर महिन्याला त्याच्या पगारातून तो हप्ता कापला जायचा. ब्रिटनचं सरकारी पेन्शन मिळायला किमान दहा वर्षं हप्ते भरावे लागतात. तीन वर्षांत परत येणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. तेव्हा ‘भारतीयांना सूट’ हे शब्द मला टोचतात. जे कधी मिळणारच नव्हतं त्याचे पैसे घेणं बंद झालं, इतकंच.

आणि मुळात मी कोण आहे त्या करारात? आंबा पेटीत भरला की आंबेवाला बाहेर राहू शकतो. निदान तसं दिसतं तरी. माझं काम माझ्यापासून वेगळं काढून पेटीत भरता येत नाही. बराचसा कोड मांडवीतून जातो, मान्य. पण ज्या दिवशी सिस्टिम चालू करायची असते, समोरच्याची शंका समजून घ्यायची असते, त्या दिवशी तिथे माणूसच लागतो. ‘सेवा’ म्हणून त्याला हो म्हणायचं आणि ‘परदेशी’ म्हणून त्यालाच नाही, अशी ती कसरत आहे. तीन वर्षं म्हणजे नेमका तेवढाच काळ, ज्यात माणूस काम देतो पण मुलांच्या शाळेपर्यंत पोचत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मी सहज लिहून टाकलं असतं. पण रत्नागिरीत थिबा राजाचा राजवाडा आहे, आणि तो मध्ये येतो.

शाळेच्या सहलीला सगळ्यांनी तो पाहिलेला असतो. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला, राजाला इथे आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच गेला. सहलीत सांगत नाहीत ते असं की त्याचा देश मग ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत झाला. एक बाजार, एक चलन, मध्ये सीमा नाही. तिकडून तांदूळ यायचा, इकडून मजूर, सावकार, कारकून जायचे. १९३१ पर्यंत तिथे सुमारे १० लाख भारतीय होते, आणि रंगून शहरात तर ते निम्म्याहून जास्त.

१ एप्रिल १९३७ ला ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा झाला. अगदी ब्रेक्झिटसारखंच, व्यापार आधी तीन वर्षं होता तसा चालू ठेवायची तजवीज झाली. १९३८ मध्ये रंगूनमध्ये भारतीयांविरुद्ध दंगली झाल्या. १९४१ मध्ये व्यापाराचा करार झाला आणि त्याच वर्षी माणसांच्या येण्यावर बंधनं घालणारा दुसरा. दुसऱ्यावर इकडे संताप उसळला, गांधीजींनीही टीका केली. तांदूळ द्या, पण आमची माणसं का अडवता, असा आपला सूर होता.

त्या भांडणात मी कुणाच्या बाजूने उभा राहू? ब्रह्मी माणसाला त्या युनियनमध्ये यायचं का, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्याची जमीन सावकाराकडे जात होती, त्याच्या राजधानीत त्याचीच भाषा कमी ऐकू येत होती. ‘माणसं नकोत’ हे वाक्य त्याच्या तोंडी मला लंडनइतकं कोतं वाटत नाही. पण ज्याने ते ऐकलं तो बहुतेक वेळा सावकार नव्हता, तो गोदीतला हमाल होता. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडलं. भारतीय लाखोंनी निघाले, कितीतरी पायी, जंगलातून, आणि त्यातले हजारो वाटेत मेले. कराराची कलमं कागदावरच राहिली. आणि न आलेला तांदूळ हे पुढच्या वर्षीच्या बंगालच्या दुष्काळाचं एक कारण ठरलं.

तेव्हा मी न्यायाचा प्रश्न थोडा सरकवून विचारतो. दार कुणी लावलं यापेक्षा, दार लावण्याची किंमत कोण भरतो? जो दार लावायला सांगतो तो, की जो त्या वेळी उंबऱ्यावर उभा आहे तो?

हे विचारताना आपल्या उंबऱ्याकडेही बघावं लागतं. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळायलाच हवं होतं. कर्नाटकचा आंबा आमच्या नावाने विकला जातो तेव्हा मीही चिडतो. पण पारावरची चर्चा तिथे थांबत नाही. बाहेरचा आंबा, बाहेरचा माणूस, अशी ती घसरत जाते. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या बागेत राखणीला मात्र नेपाळी कुटुंब असतं, आणि मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशीही नेपाळी. १९५० मध्ये दिल्ली आणि काठमांडूने एक तह केला, त्यामुळे त्यांना यायला व्हिसा लागत नाही. तीन वर्षांची मुदत नाही, १,८०० चा आकडा नाही. त्या तहाबद्दल कोकणात कधी कुणाला विचारलं गेलं नाही, आणि विचारलं असतं तर आपण काय उत्तर दिलं असतं याची मला खात्री नाही. आता त्यांची मुलं इथल्या शाळेत जातात. आपल्या बापाला पगाराचा हिशोब मराठीत तीच समजावून सांगतात.