अनंताचा पुरावा

विश्वाला अंत आहे की नाही, या वादात एक गृहीत फार काळ बिनतक्रार चालत आलं: जे सान्त, त्याला काठ असणारच. ग्रीक तत्त्वज्ञ आर्किटस विचारी, विश्वाच्या टोकाशी उभं राहून काठी पुढे केली तर? ती पुढे गेली तर ते टोक नव्हे. अडली तर अडवणारं काही पलीकडे आहेच. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो काठाविरुद्ध आहे, सान्ततेविरुद्ध नाही. गणितज्ञ रीमानने १८५४ मध्ये काठ नसलेल्या सान्त अवकाशाची कल्पना मांडली, आइन्स्टाइनने १९१७ मध्ये ती विश्वाला लावली. अशा विश्वात काठी कुठेच अडत नाही, तरी जागा मोजकीच. सान्त जगाभोवती रिकामी पोकळी मानावी लागेल, हा कांटचा १७८१ मधला आक्षेपही इथे गळून पडतो.

मग मोजमापं आली. १९९८ च्या अखेरीस अंटार्क्टिकावर ‘बूमरँग’ या प्रयोगाची दुर्बीण बलूनमधून वर गेली. विश्वारंभीच्या प्रारणातले गरम-थंड डाग तिला साधारण एक अंशाचे, म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट रुंदीचे दिसले. अवकाश ठळकपणे वक्र असतं, तर ते याहून मोठे किंवा लहान दिसले असते. पुढे ‘प्लँक’ उपग्रहाने सपाटपणाचा हा निष्कर्ष आणखी पक्का केला. सपाट म्हणजे अनंत, असं अनेकांनी लगेच मानलं. ही घाई झाली. कागदावर त्रिकोण काढून त्याची सुरळी केली, तरी कोनांची बेरीज १८० अंशच राहते; कागद मात्र एका दिशेने स्वतःलाच येऊन मिळतो. सपाट अवकाशही तिन्ही दिशांनी असं जुळलेलं असू शकतं. शिवाय कुठलंही मोजमाप वक्रता नेमकी शून्य आहे असं सांगत नाही, फार तर शून्याच्या जवळ आहे एवढंच सांगतं.

अनंत विश्व ही सर्वांत सोपी कल्पना आहे, म्हणून तीच धरावी, असं कोणी म्हणेल. पण सोपेपणा ही आपली आवड झाली, पुरावा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: जे ठरवताच येत नाही, त्यावर बोलावं कशाला? पण सान्तता ठरवता येऊ शकते. विश्व पुरेसं लहान असतं, तर एकच जागा दोन दिशांना दिसून विश्वारंभीच्या त्या प्रारणाच्या नकाशावर एकाच नक्षीच्या वर्तुळांच्या जोड्या दिसल्या असत्या. कॉर्निश, स्पर्गेल आणि स्टार्कमन यांच्या गटाने त्या शोधल्या. २००४ मध्ये हाती काही लागलं नसल्याचं जाहीर केलं. सापडल्या असत्या, तर प्रश्न तिथेच मिटला असता. अनंताच्या बाजूने मात्र अशी एकही खूण कल्पिता येत नाही. आपली नजर कितीही लांब गेली, तरी तिच्या टप्प्यात येतो तो सान्त तुकडाच. म्हणून विश्व अनंत आहे असं म्हणणारा, मग तो भक्त असो की भौतिकशास्त्रज्ञ, श्रद्धेने बोलतो. त्या श्रद्धेला मी कमी लेखत नाही. तिने मोजमापाचा अंगरखा घालू नये, एवढंच माझं म्हणणं. वर्तुळं न सापडणं हाही अनंताचा कौल नव्हे, कारण विश्व आपल्या दृष्टीच्या टप्प्याहून मोठं असूनही सान्त असू शकतं.