अर्धी शक्ती

सुरतेच्या गोडादऱ्यात पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे दिसली, की ती पोलीस भरतीची असणार हे न विचारताच कळते. गुजरात पोलिसांच्या शारीरिक चाचणीत मुलांना 5 किलोमीटर 25 मिनिटांत आणि मुलींना 1600 मीटर साडेनऊ मिनिटांत पार करावे लागतात. महाराष्ट्रात हेच अंतर मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर. खानदेशातून सुरतेत आलेल्या घरांत, जिथे बाप लूमवर बारा तासांची पाळी काढतो किंवा रिंगरोडच्या कापड मार्केटात पार्सले उचलतो, तिथे ही धाव म्हणजे घराचा नोकरीतला पहिला पाय. त्यामुळे रोजची पहाट परीक्षेच्या दिवसासारखीच धावली जाते. छाती फुटेस्तोवर पळायचे, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दम लागला नाही तर मेहनत झालीच नाही, अशी इथली पक्की समजूत आहे.

याच रस्त्यांवर कुणी ट्रायथलॉनच्या तयारीला लागला, तर त्याला पहिला धडा नेमका उलटा मिळतो. पोहणे, सायकल आणि धावणे एका दमात करायचा हा खेळ. छोट्या, स्प्रिंट प्रकारात 750 मीटर पोहणे, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धाव असते. पूर्ण आयर्नमॅनमध्ये 3.8 किलोमीटर, 180 किलोमीटर आणि वर अख्खी मॅरेथॉन. 2019 पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर याचे अर्धे अंतर भरवले जाऊ लागले आणि मराठी घरांतही हा शब्द रुळला. नवख्याला वाटते, एवढे करायचे म्हणजे जीव तोडून पळावे लागणार. प्रशिक्षक सांगतो, हळू पळ. इतके हळू, की शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. नाडीचे ठोके ठरावीक आकड्याच्या वर गेले तर चालायला लाग, पण ठोके खाली आण.

हा सल्ला वरवर शरीरशास्त्राचा आहे, पण तो ऐकताना जे अस्वस्थ होते ते शरीर नव्हे. मागून आलेला शाळकरी मुलगा पुढे निघून जातो, चहाच्या टपरीवरचे लोक बघत असतात, आणि धावणाऱ्याला मुद्दाम पाय आवरायचे असतात. तेव्हा प्रश्न उभा राहतो तो जुनाच: कष्टाचे मोल सोसलेल्या त्रासावर ठरते का? शरीराला जितके पिळावे तितके तप मोठे, असे आहे का?

आधी एका माणसाची गोष्ट पाहू. मार्क ॲलन हा अमेरिकन ट्रायथलीट 1980 च्या दशकात जगातल्या उत्तम खेळाडूंत गणला जात होता, पण हवाईची आयर्नमॅन शर्यत त्याला वर्षानुवर्षे हुलकावणी देत होती. तो रोज मैलामागे साडेपाच मिनिटांच्या आसपासच्या वेगाने धावायचा, मधूनमधून जायबंदी व्हायचा, थकून जायचा. फिल मॅफेटोन या प्रशिक्षकाने त्याला मिनिटाला 155 ठोक्यांची मर्यादा घालून दिली. त्या मर्यादेत राहायचे तर ॲलनचा वेग मैलाला सव्वाआठ मिनिटांवर आला. जगज्जेता व्हायला निघालेल्या माणसाने हौशी धावपटूच्या चालीने पळायचे, ही त्याच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. पण तो महिनोन्‌महिने त्या मर्यादेत राहिला, आणि अखेर त्याच 155 ठोक्यांत मैलाला 5 मिनिटे 20 सेकंदांपर्यंत पोहोचला. 1989 मध्ये डेव्ह स्कॉटला 58 सेकंदांनी मागे टाकून त्याने हवाईची पहिली शर्यत जिंकली. नंतर आणखी पाच. त्या 1989 च्या धावेत, हरण्याच्या बेतात असताना, मेक्सिकोतल्या विचोल आदिवासींच्या एका वृद्ध साधकाचा चेहरा आपल्याला आठवला आणि मन शांत झाले, असे तो सांगत आला आहे. पुढे त्याने त्या परंपरेचा अभ्यासही केला.

असे का होते, याचे उत्तर आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. हलक्या वेगात स्नायूंचे सावकाश काम करणारे तंतू प्राणवायूच्या साह्याने, मुख्यतः चरबी जाळून चालतात. आठवड्यामागून आठवडे असे धावल्यावर स्नायूंत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया वाढतात, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतो. म्हणून त्याच कामाला कमी ठोके पुरतात. वेग एका टप्प्यापलीकडे गेला की श्वास तुटू लागतो, साखर झपाट्याने जळते, आणि भरून निघायला दिवस लागतात. रोजच त्या टप्प्यापलीकडे जाणारा माणूस पाया भरण्याआधीच मजले चढवत असतो.

हा टप्पा ओळखायचा कसा, हे सुश्रुतसंहितेने घड्याळाशिवाय सांगून ठेवले आहे. चिकित्सास्थानात व्यायामाचे गुण सांगताना सुश्रुत बजावतो, की आपल्या बळाच्या अर्ध्यानेच व्यायाम करावा, त्यापुढे गेल्यास तो घात करतो. अर्धे बळ संपल्याची खूणही तो देतो: हृदयाच्या ठिकाणी असलेला वायू तोंडाशी येऊ लागतो. म्हणजे नाकाने चाललेला श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडावे लागते. नंतरच्या ग्रंथांनी कपाळ, नाक, काखा आणि सांधे यांवर येणारा घाम आणि तोंडाला पडणारी कोरडही त्यात जोडली. आजचा प्रशिक्षक बोलता येण्याची जी कसोटी लावतो, ती याच उंबरठ्यावर उभी आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात आणखी एक बारकावा घातला: अर्ध्या शक्तीचा हा व्यायाम बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यांनी थंडीत आणि वसंतात करावा, एरवी त्याहूनही मंद. सुरतेच्या मे महिन्यात किंवा पावसाळी दमटपणात ज्याने धावून पाहिले आहे, त्याला याचा अर्थ लगेच कळेल. शरीर गार ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घामाने पाणी उतरते, आणि वेग तोच असूनही ठोके चढत जातात. चरकाने अतिव्यायामाची फळे दिली आहेत ती अशी: थकवा, क्षीणता, तहान, धाप, खोकला, ताप, उलटी. भरतीच्या मैदानाबाहेर बसलेल्या मुलांत यातली निम्मी लक्षणे सापडतील.

पण वैद्यांचा हिशोब आरोग्याचा होता. मोक्षाच्या वाटेवर तरी देह झिजवणे हेच भूषण नाही का? यावर बौद्ध परंपरेत सोण कोळीविस याची कथा आहे. श्रीमंत घरातला, कोवळ्या तळव्यांचा हा तरुण भिक्षू झाला आणि चंक्रमण करता करता, म्हणजे ध्यानात येरझाऱ्या घालता घालता, त्याचे पाय रक्ताने भरले. एवढे करूनही चित्त मोकळे होत नाही, तर घरी परत जावे, असे त्याच्या मनात आले. बुद्धाने त्याला विचारले, तू गृहस्थ असताना वीणा वाजवायचास ना? तार फार ताणली तर सूर लागतो का, सैल सोडली तर लागतो का? सोणाने दोन्हींना नाही म्हटले. वीर्यही, म्हणजे प्रयत्नाचा जोरही, तसाच समतोल ठेव, असे बुद्धाने सांगितले, आणि सोण त्याच मार्गाने अर्हत झाला. या कथेचे मोठेपण असे, की बुद्धाने सोणाच्या निष्ठेवर शंका घेतली नाही. रक्ताळलेले पाय खरेच होते. चूक मात्र, ती निष्ठा कशी मोजायची यात होती.

गीताही याच बाजूची आहे. सहाव्या अध्यायात योग अति खाणाऱ्याला साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण सगळे बेताचे असणाऱ्यालाच तो दुःख दूर करणारा होतो. सतराव्या अध्यायात तर दंभाने आणि अहंकाराने शरीराला पीडा देणारे घोर तप करणाऱ्यांना भगवंत आसुरी निश्चयाचे म्हणतात, आणि शरीराला छळताना ते आत वसणाऱ्या मलाही छळतात, असे बजावतात. इतके स्पष्ट वाक्य असूनही आपल्याकडे देहदंडाचा दरारा कमी झाला नाही. त्रास डोळ्यांना दिसतो, संयम दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

हे सगळे पोथीतले वाटत असेल, तर पंढरीच्या वाटेकडे पाहावे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. खानदेशातून, मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताबाईंची पालखी तर त्याहून कितीतरी लांबची, सगळ्यात जास्त चालणाऱ्या पालख्यांपैकी एक. साठी-सत्तरीच्या माणसांनी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायांनी हे अंतर रोज चालून कसे पार करावे? त्या चालीला एक बंधन असते: तोंडाने अभंग चालू असतो. टाळाच्या ठेक्यावर गात चालायचे, म्हणजे गाता येईल तेवढ्याच वेगाने चालायचे. दम लागला की अभंग तुटतो, आणि अभंग तुटणे दिंडीला चालत नाही. शिवाय मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले. जोराची धावही आहे, पण ठरल्या जागी: ज्ञानेश्वरांच्या पालखीचे पहिले उभे रिंगण चांदोबाचा लिंब या ठिकाणी होते, तेथे अश्व धावतात, वारकरी धावतात, उड्या मारतात, फुगड्या घालतात. मग पुन्हा तीच संथ चाल. आजचे सहनशक्तीचे प्रशिक्षक बहुतांश सराव हलका आणि थोडासाच जोराचा ठेवायला सांगतात. वारकऱ्यांनी हे प्रमाण नामासाठी सांभाळले, तंदुरुस्तीसाठी नाही, आणि हा फरक पुसून टाकू नये. धावणारा आपल्या ठोक्यांकडे पाहतो, वारकरी विठ्ठलाकडे. पण दोघांनाही मर्यादा बाहेरून कुणी दंडुक्याने घातलेली नाही. ती त्यांनी आपल्या हाताने स्वीकारली आहे.

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या, गोडादऱ्यातली माणसे गावी जाताना धरतात त्या लोहमार्गावर अमळनेर लागते. तिथे 1916 मध्ये गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले. साने गुरुजीही काही काळ तिथे होते. कापडाच्या पैशातून अद्वैताचा अभ्यास, असा तो योग होता. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांत भेद करा, ही वेदान्ताची पहिली पायरी. नाडीवर नजर ठेवून धावणारा नकळत तिचा छोटा सराव करत असतो. ठोके वाढताना दिसतात. वेग वाढवायची इच्छाही दिसते. आणि तिसरे कुणी या दोहोंकडे पाहते. त्या क्षणी पाय आवरता आले, तर इच्छेपासून बोटभर अंतर मिळाले. याला साक्षात्कार म्हणणे अतिशयोक्ती होईल. रोज पाऊण तास मिळणारे हे अंतर मात्र थोडे नाही.

इथे एक धोकाही आहे. हठयोगप्रदीपिका योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगते. त्यांत अति खाणे आणि अति श्रम आहेतच, पण नियमांचा अट्टाहासही आहे. मनगटावरच्या घड्याळाला देव मानणारे याच खड्ड्यात पडतात. 220 मधून वय वजा करण्याचे प्रसिद्ध सूत्र हा केवळ सरासरीचा अंदाज आहे. तिशीच्या माणसाचे कमाल ठोके त्या हिशोबाने 190 येतात, प्रत्यक्षात ते 175 असू शकतात आणि 205 सुद्धा. मॅफेटोनचे 180 वजा वय हाही अनुभवातून आलेला ठोकताळाच. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके दाबून ठेवतात, तिथे कोणतेच सूत्र लागू पडत नाही.

आणि कोणत्याच सूत्राला रातपाळी माहीत नसते. बारा तास लूमच्या खडखडाटात उभे राहून सकाळी सातला घरी आलेल्या माणसाचे ठोके झोपेअभावी आधीच चढलेले असतात. त्याने त्या दिवशी धावू नये, झोपावे. हे त्याला कमीपणाचे वाटते, कारण आयुष्यभर त्याला एकच गोष्ट शिकवली गेली आहे: उभा राहा, काम कर, थांबू नकोस. ज्याच्या शरीरावर दिवसभर दुसऱ्याचा हक्क असतो, त्याला स्वतःच्या शरीराचे ऐकणे हे चैनीचे काम वाटले तर नवल नाही. पण खरे तर त्यालाच ते सर्वांत गरजेचे आहे. संयमाचा उपदेश पोट भरलेल्यांसाठीच असतो, हा आक्षेप इथे टिकत नाही, कारण या संयमाला पैसा लागत नाही. सकाळी अंथरुणात, उठण्याआधी, मनगटावर दोन बोटे ठेवून मिनिटभर मोजायचे. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त आले तर तो दिवस विश्रांतीचा.

गोडादऱ्यातला नवखा माणूस हे सगळे असे जुळवू शकतो: आठवड्यातून दोन-तीन पहाटा बोलता येईल एवढ्या वेगाची धाव, सुरुवातीला पाच मिनिटे धावून दोन मिनिटे चालणे, जुन्या सायकलवर रविवारी वाहने कमी असताना तासभर, आणि महापालिकेच्या तरणतलावात आठवड्यातून दोनदा, जिथे श्वास लयीत बसल्याखेरीज पुढे सरकताच येत नाही. जोराची धाव आठवड्यातून एकच. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टर. पहिल्या महिन्यात वेग इतका कमी राहील की भरतीची पोरे रोज मागे टाकतील. दोन-तीन महिन्यांनी तीच वाट, तेवढ्याच ठोक्यांत, काही मिनिटे लवकर संपू लागते. 25 मिनिटांत 5 किलोमीटर काढायचे आहेत अशा मुलालाही हाच पाया उपयोगी पडतो. परीक्षेच्या आधीचे काही आठवडे तेवढे त्याला वेगाला द्यावे लागतात.