आपल्या अंगणाखालचं पाणी कुणाचं?

॥ श्री गुरवे नमः ॥



आपल्या जागेत बोअर मारला, पाणी लागलं. जागा आपली, पैसे आपले, मग पाणीही आपलंच, असं आपण सगळेच धरून चालतो. पण जमिनीखाली कंपाउंडची भिंत नसते. आपण जास्त उपसलं की शेजारच्यांचा बोअर आटतो. मग ते पाणी खरंच आपल्या एकट्याचं का?

आपल्या अंबरपेठेतला बतुकम्मा कुंटाच घ्या. जुन्या नोंदींत 14 एकर असलेलं हे तळं राडारोडा आणि कचऱ्याने बुजत गेलं. सगळ्यांचं म्हणून कुणाचंच नाही, अशी गत झाली. 2025 मध्ये हायड्रा या सरकारी यंत्रणेने तिथे खोदकाम केलं, तर थोड्याच फुटांवर पाणी लागलं! आज जेमतेम 5 एकर तळं परत मिळालंय. आपण भोंडला खेळतो त्याच दिवसांत इथल्या भगिनी बतुकम्माची फुलं पाण्यात सोडतात. पाणीच नसेल तर सोडायची कुठे?

पण सरकार तळं खोदून देईल, संयम कुठून देणार? तो आपल्यालाच आणावा लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तो आणला. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने श्रमदानाने पाणी अडवलं, हे आपण ऐकलेलं असतं. त्याहून अवघड गोष्ट पुढची. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे गावाने मिळून ठरवलं. दरवर्षी पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी पिण्याचं पाणी, मग पीक.

कुणी म्हणेल, माझ्या शेतात काय लावायचं हे गाव कोण सांगणार? प्रश्न रास्त आहे. पण नियम सगळ्यांना सारखा आहे आणि तो ठरवताना आपणही बसलेलो असतो. दुसऱ्याने लादलं तर ते बंधन, आपण मिळून घेतलं तर ते व्रत. आपण मालक नाही, विश्वस्त आहोत, हे सत्संगात म्हणणं सोपं. मोटरचं बटण दाबताना आठवणं हीच साधना.

या महिन्यात प्रत्येक कुटुंबाने आपल्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये दोनच प्रश्न विचारावेत: आपण रोज किती पाणी उपसतो? आणि गच्चीवरचं पावसाचं किती पाणी जमिनीत परत देतो? उत्तर ग्रुपवर जरूर कळवा.

आपल्या सेवेत,
महिला सेवा गट, अंबरपेठ 🙏