काखेत मांजर, गावाला वळसा

माणसाला पडणाऱ्या गहन प्रश्नांची एक ठरलेली यादी आहे. मी कोण? कुठून आलो? जग सत्य की मिथ्या? मेल्यावर पुढे काय? आणि आज भाजी कुठली करायची? यांतला शेवटचा सोडला तर बाकीचे प्रश्न न सुटताही आपले बरे चालते. या यादीत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे : मांजराचे पिल्लू आणायचे तर कुठून आणावे? जिन्याखालून, की परगावाहून?

हसू नका. वरवर पाहता हा प्रश्न मांजराचा आहे. पण शेपटी धरून ओढला की त्याच्यामागून सगळे नीतिशास्त्र बाहेर येते, आणि येताना ओरबाडतेही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मांजर ही मुळी आणायची गोष्ट नव्हती, ते यायचे. कुत्रा आणावा लागे, गाय आणावी लागे, सून आणावी लागे. मांजर मात्र कौलांवरून, माळ्यावरून, न्हाणीघराच्या मोरीतून आपल्या पायांनी दाखल होई. सकाळी दुधाच्या पातेल्यावरची साय गायब दिसली की समजायचे, घरात एक माणूस वाढले. म्हाताऱ्या बायका सांगत, मांजरीण पिल्लांना सात घरे दाखवते. त्या सातांत कधीतरी आपले घर निघे, एवढाच आपला संबंध.

मांजराचा लांबचा प्रवास तेव्हाही होत असे, पण तो घरापासून दूर. मांजरीने दह्याचा सट फोडला किंवा गादीवर बाळंतपण उरकले, की घरातल्या मोठ्या मुलाला हुकूम सुटायचा, "जा रे, मासळीबाजारात सोडून ये तिला." आणि मागून एक दयाळू आवाज, "तिथं निदान खायला तरी मिळेल बिचारीला!" मग पोते, सायकल, कॅरिअर आणि पोत्यातून येणारा तारसप्तकातला निषेध. तिसऱ्या दिवशी बिचारी पुन्हा चुलीशेजारी हजर. सोडायला गेलेला मुलगा एखादे वेळी रस्ता चुकायचा, मांजर चुकत नसे.

आता प्रवासाची दिशा उलटली आहे. आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या कुटुंबाने एका उन्हाळ्यात पुण्याहून थेट बंगळूरला गाडी काढली. अंतर सुमारे ८४० किलोमीटर. परतीचेही तेवढेच. काही लग्नकार्य आहे का, असे विचारल्यावर सूनबाई म्हणाल्या, "नाही हो काका, पिल्लू आणायला चाललोय. पर्शियन."

तसे पाहिले तर ते लग्नकार्यच होते. आधी मोबाईलवर फोटो आले : समोरून, बाजूने, उभा, बसलेला. रंग गोरा. नाक बसके. (या एका दोषावर पूर्वी चांगली चांगली स्थळे मोडत, इथे त्याचेच जादा पैसे पडतात.) घराण्याचा कागद आला, आईवडिलांचे फोटो आले, लसींची पत्रिका आली. पत्रिका जुळली, देण्याघेण्याची बोलणी झाली, आणि पहाटे पाच वाजता वऱ्हाड निघाले.

याच सुमारास आमच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या पेटीमागे, एका करड्या मांजरीने चार पिल्लांना जन्म दिला होता. गाडीत सामान भरताना वऱ्हाडाने त्या पाचही जणांना निदान चार वेळा ओलांडले असेल. मराठीत याला काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. फक्त इथे कळसा म्याँव म्याँव करत होता.

पण म्हण तोंडावर फेकून वाद जिंकणे हे काही खरे नाही. लांब जाणाऱ्यांचेही म्हणणे असते, आणि ते ऐकण्यासारखे असते. मी शेजाऱ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काका, मांजर घरात पंधरा वर्षं राहतं. सोफा आपण दहा दुकानं फिरून घेतो, मग याच्यासाठी का नाही फिरायचं?" हे बिनतोड आहे. पुढे त्याने हुकमाचे पान टाकले. "आणि गल्लीच्या तोंडाशी विठोबाचं देऊळ असताना तुम्ही मंडळी आळंदीहून पंढरपूरला चालत जाताच ना? कष्ट केले की माया वाढते."

मी दोन दिवस गप्प होतो. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पालखीबरोबर चालायला जवळजवळ तीन आठवडे. गल्लीतला विठोबा आणि पंढरीचा विठोबा एकच, हे वारकऱ्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तरी तो चालतो, कारण चालणे हे विठोबासाठी नसून चालणाऱ्यासाठी असते. म्हणजे श्रमाने माया वाढते हे खरेच. मग मांजरासाठी तीच गोष्ट का नको?

तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना फरक सापडला. वारीत चालतो तो वारकरी. विठोबा विटेवरून हलत नाही. पिल्लाला मात्र टोपलीत बसून यावे लागते. भक्ती आपली आणि पायपीट देवाची, असा हा प्रकार. ८४० किलोमीटरचे पुण्य शेजाऱ्याच्या खाती जमा झाले. ओकाऱ्या पिल्लाला झाल्या.

तत्त्वज्ञांचे मांजराकडे लक्ष नव्हते असे नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत रामानुजाचार्यांच्या नंतर दोन पंथ पडले. वडकलै म्हणतात, जीवाने माकडाच्या पिल्लासारखे देवाला घट्ट धरून ठेवावे. थोडा प्रयत्न आपलाही हवा. तेंगलै म्हणतात, छे, मांजराचे पिल्लू पाहा. ते काहीच करत नाही. आई मानगूट धरून उचलते आणि नेईल तिथे ते जाते. हाच तो मार्जारन्याय. मोक्षाच्या बाबतीत कोणाचे बरोबर, हे ठरवायला मी कोण! पण पिल्लाच्या बाबतीत तेंगलैंचे शंभर टक्के बरोबर आहे. ज्याच्या हातात त्याची मानगूट, त्याच्यावर सगळा भार. पिल्लू जात विचारत नाही, अंतर विचारत नाही, फक्त चारही पाय सैल सोडते. इतका विश्वास टाकणाऱ्याला आपण कशासाठी उचलतो आहोत, हे उचलणाऱ्याला तरी माहीत असावे.

पिल्लू साधारण चौथ्या आठवड्यापासून आईचे दूध सोडू लागते आणि आठव्याच्या सुमारास सुटे होते. चावा कितपत घ्यावा, नखे केव्हा आत ठेवावीत, हे शिक्षण त्याला आई आणि भावंडेच देतात. म्हणून जाणते लोक सांगतात, आठ आठवड्यांआधी उचलू नका. बारा झाले तर आणखी चांगले. जिन्याखालच्या पिल्लासाठी थांबणे सोपे, रोज दूध आणायला जाताना पाहून यावे. परगावच्या पिल्लाचा मुहूर्त मात्र त्याच्या दुधाच्या दातांवर ठरत नाही. शनिवार-रविवारला लागून सुट्टी कधी येते, त्यावर ठरतो.

आणि ज्या घराण्यासाठी ही धावाधाव, त्या घराण्याची वंशावळ तरी पाहा. मांजरांचे पहिले मोठे प्रदर्शन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली भरले. त्याआधी काही हजार वर्षे बहुतेक मांजरे नुसतीच मांजरे होती. मग माणसाने रूप निवडायला सुरुवात केली. पर्शियनचे नाक पिढ्यान् पिढ्या इतके आत दाबले गेले, की पुष्कळांना धड श्वास घेता येत नाही आणि डोळ्यांतून सारखे पाणी वाहते. आपण म्हणतो, काय भावुक डोळे आहेत!

दुमडलेल्या कानांच्या 'स्कॉटिश फोल्ड'ची कथा तर मोठी मासलेवाईक आहे. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सुझी नावाची मांजरी सापडली. कोठारातली साधी मांजरी, पण कान दुमडलेले. शेजारच्या एका धनगराला ती आवडली आणि पुढे तिला पिल्ले झाल्यावर त्याने त्यांतले एक मागून घेतले. त्या सुझीपासून ही सगळी जात निघाली. कानाची कूर्चा ज्या दोषाने दुमडते तोच दोष सांध्यांतही उतरतो आणि या मांजरांना चालणे दुखरे होते, हे नंतर कळले. पण माझा मुद्दा निराळा आहे. आज ज्या जातीसाठी लोक शेकडो किलोमीटर जातात, तिचा मूळपुरुष शेजाऱ्याकडून पिल्लू मागून आणणारा एक धनगर होता! त्याला जवळचे मिळाले, म्हणून आपल्याला लांब जावे लागते.

इतके बोलल्यावर जवळच्या पक्षातल्या मंडळींनी मिशांवरून जीभ फिरवायला सुरुवात केली असेल. त्यांनीही जरा थांबावे. जिन्याखालचे पिल्लू घेणारे सगळेच संत नसतात. पुष्कळदा त्यामागे भूतदयेपेक्षा 'फुकट' हा शब्द जास्त असतो. आणि फुकट मिळालेली वस्तू फुकट घालवायला माणूस कचरत नाही. बदली झाली, सोफा फाटला, घरात पाळणा हलला, की पुन्हा तेच पोते आणि तोच मासळीबाजार, फक्त सायकलीच्या जागी स्कूटर. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा आपल्याकडे १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. पण पोते उघडून पाहायला कोण येतो! हजारो रुपये मोजून आणलेल्या पर्शियनला सहसा कोणी पोत्यात घालत नाही. म्हणजे किंमत हीदेखील एक प्रकारची माया आहे, जरा हिशेबी असली तरी.

जवळच्या पिल्लाची खरी अडचण आणखी वेगळी आहे. त्याचा मागचा हिशेब डोळ्यांसमोर राहतो. परगावची आई परगावीच राहते. तिने पिल्लाला किती दिवस शोधले, वर्षाला तिची किती बाळंतपणे होतात, हे विचारायची सोय नाही आणि गरजही वाटत नाही. अंतराचा हा मोठा गुण. ते मन स्वच्छ ठेवते. याउलट आमच्या जिन्याखालच्या चारांपैकी एक पिल्लू वॉचमनच्या मुलीने नेले, तर करडी मांजरी चार रात्री जिना वरखाली करत होती. प्रत्येक दारापाशी थांबून हाक. मुलीने पाचव्या दिवशी पिल्लू आणून तिला दाखवले. तिने हुंगले, चाटले, आणि मग कुठे ती मीटरच्या पेटीमागे जाऊन झोपली. आणि उरलेल्या तिघांचे काय? त्यांच्यातली माद्या चार-सहा महिन्यांत स्वतःच आया होणार, त्यांचे काय? म्हणून वॉचमनच्या मुलीने सोसायटीत वर्गणी काढून मांजरीचे ऑपरेशन करवले. वर्गणी समोरच्या ब्लॉकनेही दिली, हे नमूद केले पाहिजे. एक पिल्लू घ्यायला गेलेली पोर सबंध जिन्याचा संसार अंगावर घेऊन बसली. जवळचे उचलले की असे होते. लांबचे उचलले की फक्त पेट्रोल लागते.

मग लांब जाणे वाईटच का? तसे म्हणवत नाही. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले एक मांजर उत्खननात सापडले. ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आहे, असे २००४ साली जाहीर झाले. म्हणजे पाळलेल्या मांजराचा इतका जुना पुरावा पाहायला गेले, तर तेही परगावचेच! कारण सायप्रसवर मुळात मांजर नव्हतेच. कोणीतरी ते समुद्रावरून, जवळात जवळ म्हटले तरी सत्तर-एक किलोमीटर, नावेत घालून आणले. पुढे ते दोघे शेजारी शेजारी पुरले गेले. इतक्या लांबून आणलेल्यावर इतकी माया करता येते, याला आणखी साक्ष नको. फक्त एक लक्षात ठेवायचे. त्या माणसाच्या बेटावर दुसरे मांजर नव्हते. त्याने कोणालाही ओलांडले नव्हते.

तेव्हा किलोमीटर मोजून नीती ठरत नाही, एवढे मला कळले आहे. दूरच्या गावी एखादे पिल्लू खरोखर अडले असेल, तर जरूर जावे. मीही डबा करून देईन. पण लांबच्या दयेला निघताना जवळच्याला ओलांडून जावे लागत असेल, तर गाडी सुरू करण्यापूर्वी जरा विचार करावा. हे मांजरापुरतेच नाही. परदेशातल्या भूकंपग्रस्तांसाठी डोळे पुसणारा आणि मोलकरणीचे चार दिवसांचे खाडे कापणारा माणूसही याच गाडीत बसलेला असतो.

आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. बाहेर निघताना मांजर आडवे गेले तर पुढे जाऊ नये. दोन पावले मागे यावे, क्षणभर थांबावे. मी शकुन-अपशकुन मानत नाही. तरीपण पहाटे पाच वाजता, हातात रिकामी टोपली घेऊन कोणी जिना उतरत असेल आणि मीटरच्या पेटीमागून एखादे करडे पिल्लू आडवे गेले, तर त्याने ही समजूत जरूर पाळावी.