मरणाविषयीं बोलावें कीं बोलूं नये?

आपल्या गांवांत कोणी असाध्य दुखण्यानें अंथरुणास खिळला म्हणजे काय घडतें, तें आठवून पाहा. डॉक्टर मुलाला ओसरीवर नेऊन खरें तें सांगतात. मुलगा डोळे पुसून आंत येतो आणि म्हणतो, "बाबा, आठ दिवसांत तुम्ही उठून बसाल." शेजारीपाजारी येतात, पीकपाण्याच्या गोष्टी करितात व निघून जातात. ज्याचें मरण, त्यालाच तेवढें तें ठाऊक नसतें. अथवा ठाऊक असतें, पण घरच्यांच्या समाधानासाठीं तोही न कळल्याचें सोंग करितो. ह्याला आपण माया म्हणतों. ही खरोखर माया आहे काय?

हा प्रश्न मी आधीं स्वतःस विचारितों. काहीं वर्षांपूर्वीं एका वृद्ध शिक्षकांच्या अंथरुणाशीं मी बसलों होतों. त्यांनीं माझा हात धरून विचारिलें, "पाळकसाहेब, आतां माझे दिवस भरले ना?" उत्तर मला ठाऊक होतें. तरी मी म्हणालों, "मास्तर, असें बोलूं नये; तुम्ही बरे व्हाल." त्यांनीं हात सोडिला व भिंतीकडे तोंड फिरविलें. चौथ्या दिवशीं ते गेले. मागाहून त्यांच्या पत्नीनें सांगितलें कीं, शेताच्या बांधावरून धाकट्या भावाशीं त्यांचा बारा वर्षें अबोला होता, आणि भावाला बोलावणें धाडावें काय, हेंच त्यांस माझ्यापाशीं काढावयाचें होतें. माझ्या गोड शब्दांनीं त्यांचें शेवटचें काम त्यांच्या हातून काढून घेतलें.

म्हणून दुसऱ्या एका शिक्षकांची हकीकत आज आपणांपुढें ठेवितों. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ब्रॅन्डाइस विद्यापीठ आहे. तेथें मॉरी श्वार्ट्झ् नांवाचे गृहस्थ पुष्कळ वर्षें समाजशास्त्र शिकवीत असत. नाचण्याची त्यांस मोठी आवड. १९९४ सालीं, वयाच्या ७७ व्या वर्षीं, त्यांस ए. एल. एस. नांवाचा रोग जडल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें. ह्या रोगांत स्नायूंस मेंदूचा हुकूम पोंचविणाऱ्या पेशी मरत जातात. हातपाय लुळे पडतात, गिळणें व बोलणें कठीण होतें, शेवटीं श्वास थांबतो. मात्र बहुतेकांची बुद्धि अखेरपर्यंत जागी राहते. गाडीवान जागा आहे, बैलही जुंपलेले आहेत, पण कासरे एकामागून एक तुटत चालले आहेत, अशी ही स्थिति. रोग पूर्ण बरा करणारें औषध तेव्हां नव्हतें, आजही नाहीं.

मिच आल्बम हा त्यांचा जुना विद्यार्थी. तो १९७९ सालीं पदवी घेऊन गेला व पुढें डेट्रॉइट शहरांतील वर्तमानपत्रांत खेळांविषयीं लिहूं लागला. गुरुजींस भेटत राहीन, असें वचन त्यानें दिलें होतें. तें सोळा वर्षें तसेंच राहिलें. १९९५ सालीं गुरुजींची मुलाखत दूरचित्रवाणीवर पाहून तो त्यांच्याकडे गेला, आणि मग दर मंगळवारीं जाऊं लागला. त्या भेटींचें त्याचें पुस्तक १९९७ सालीं निघालें व जगभर वाचलें गेलें.

मॉरी गुरुजींनीं आपलें मरण झांकून ठेविलें नाहीं. एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीहून परततांना त्यांच्या मनांत आलें कीं, एवढे प्रेमाचे शब्द बोलले गेले, आणि ज्याच्याविषयीं बोलले गेले त्यानें त्यांतला एकही ऐकिला नाहीं! तेव्हां त्यांनीं जिवंतपणींच एका रविवारीं मित्रांस व आप्तांस घरीं बोलाविलें. आणि लोक जें शवपेटीपुढें बोलतात, तें सर्वांनीं त्यांच्यासमोर बोलून दाखविलें. कोणी रडले, कोणी हांसले. गुरुजीही त्यांत सामील झाले.

मौनाचें ओझें काय असतें, हें ते लहानपणींच शिकले होते. आठ वर्षांचे असतां आईच्या मरणाची तार त्यांनाच वाचून दाखवावी लागली, कारण परदेशांतून आलेल्या त्यांच्या बापास इंग्रजी वाचतां येत नव्हतें. पुढें बापानें दुसरें लग्न केलें, आणि धाकट्या भावापुढें आईचें नांव काढूं नये अशी ताकीद दिली. ती तार त्यांनीं जन्मभर जपून ठेविली होती.

कोणी म्हणेल, 'असा मनुष्य दगडाच्या काळजाचा असेल.' तसें नव्हतें. सकाळीं जाग आली म्हणजे हातांपायांतून आणखी काय गेलें, तें ते चांचपून पाहत व रडत. मग डोळे कोरडे करून, अजून काय उरलें आहे तिकडे वळत. पुढें शौचासही दुसऱ्याची मदत लागूं लागली. प्रथम त्यांस लाज वाटली. नंतर लहान लेंकरूं आईच्या हातून सेवा घेतें, तशी ती त्यांनीं घेतली. मरण पतकरणें म्हणजे औषध टाकणें किंवा अश्रु गिळणें नव्हे, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

एक गोष्ट मात्र त्यांस जन्मभर बोंचली. त्यांचा एक शिल्पकार मित्र होता. गुरुजींच्या पत्नीच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळीं त्यानें विचारपूसही केली नाहीं. पुढें तो समेटासाठीं कितीदां आला, पण गुरुजींनीं त्याला जवळ केलें नाहीं. आणि तो कर्करोगानें मरण पावला. म्हणूनच ते विद्यार्थ्याला कळकळीनें सांगत कीं, क्षमा करावयाची असेल तर ती आजच कर. दुसऱ्यालाही कर, स्वतःसही कर.

४ नोव्हेंबर १९९५ रोजीं ते गेले. ते यहूदी कुळांत जन्मलेले. आपल्या विश्वासाचे नव्हते. परंतु मला लाज वाटते ती ह्याची कीं, आम्ही कबरेपाशीं पुनरुत्थानाचीं गीतें मोठ्यानें गातों, आणि अंथरुणापाशीं मरणाचें नांव घ्यावयास भितों!

कोणी असेंही म्हणेल कीं, त्यांच्यापाशीं दाई होत्या, सोयी होत्या. आमच्या मजुराच्या झोंपडींत हें कसें व्हावें? खरें आहे. उशाशीं दाई ठेवणें प्रत्येकास साधणार नाहीं. पण भावाला बोलाविण्यास पैसा लागत नाहीं, आणि 'माझें चुकलें' असें म्हणण्यासही लागत नाहीं.

उपदेशक बंधूंनो, रोग्यानें विचारिलें नाहीं तर त्याच्यावर मरणाची वार्ता लादूं नका. पण त्यानें विचारिल्यास खोटें बोलूं नका. हात धरून बसा आणि विचारा, "कोणाला भेटावेसें वाटतें काय? कांहीं सांगावयाचें राहिलें आहे काय?" तो बोलूं लागला तर मध्यें धीर देण्याची घाई करूं नका.

त्या मास्तरांचे धाकटे भाऊ मूठमातीच्या वेळीं आले होते. सर्वांची माती टाकून झाली, तरी ते मूठ मिटून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. तें मीं पाहिलें आहे.