रविवारचा हिशेब

शनिवारी सकाळी ट्रेनमध्ये बसलो की मी बाबांना फोटो पाठवते. बोईसरला तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो. बाबा जेवून आडवे झालेले असतात, तरी दोन मिनिटांत उत्तर येतं, "आज कुठे स्वारी?" मी जागेचं नाव लिहिते. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य : "मजा आहे बुवा तुमची."

यात टोमणा नसतो. बाबांना टोमणे जमतच नाहीत. तरीही ते वाक्य वाचलं की मी लगेच टाइप करते, "आठवडाभर फार काम होतं हो." गेली चार वर्षं मी जवळजवळ प्रत्येक शनिवारी हा खुलासा देते आहे. त्यांनी तो कधी मागितलेला नाही. मग मी तो का देते? आपल्याला मिळालेली सुट्टी ही आपल्याला समजावून सांगावी लागणारी गोष्ट का वाटते? हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

आम्ही दोघं जर्मनीत लेव्हरकुसेनला राहतो. कोलोनच्या शेजारी, ऱ्हाईन नदीच्या काठी. बोईसरच्या माणसाला हे गाव परकं वाटू नये, कारण तेही रसायनांच्या कारखान्याभोवती वाढलं आहे. रात्री 'बायर'चं गोल बोधचिन्ह दिव्यांनी उजळतं. त्याचा व्यास ५१ मीटर आहे, त्यामुळे ते लांबूनही दिसतं. आमच्याकडे एमआयडीसी जवळ आली हे डोळे मिटूनही कळायचं, वासावरून. इथे ते दिसण्यावरून कळतं, एवढाच फरक. नवरा एका प्रयोगशाळेत आहे, मी सॉफ्टवेअर तपासते. तो केळवे-माहीमचा, वाडीवाल्या घरातला. पानवेलीला रविवार कळत नाही हे ऐकत तो मोठा झाला.

डिसेंबरात इथे सकाळी साडेआठला उजाडतं आणि दुपारी साडेचारला मावळतं. सोमवार ते शुक्रवार आम्ही अंधारात निघतो आणि अंधारात परततो. डबा, ऑफिस, तळघरातलं वॉशिंग मशीन, कुठल्या दिवशी कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा याचं कॅलेंडर. एकमेकांचा चेहरा सूर्यप्रकाशात पाहायचा तर शनिवार-रविवारच. म्हणून थंडीत आम्ही हट्टाने बाहेर पडतो. कधी वुपरटालला, जिथे १९०१ पासून नदीच्या डोक्यावरून उलटी टांगलेली रेल्वे धावते. कधी ड्राखनफेल्स नावाच्या ३२१ मीटरच्या टेकडीवर. तिथे दात्यांच्या रुळावरून गाडी चढते, पण आम्ही चालत जातो, कारण नवऱ्याला वाघोबा खिंडीतून काळदुर्ग चढल्यासारखं वाटतं. कधी आल्टेनबर्गच्या जुन्या चर्चला. परतताना तिथल्या हॉटेलात वाफल, गरम चेरी आणि दुधात शिजवलेला भात. तो भात म्हणजे वेलची विसरलेली खीर.

यातलं बरंचसं शनिवारी उरकावं लागतं, कारण रविवारी देश थांबतो. दुकानं बंद. व्हॅक्यूम क्लीनर लावला तर खालच्या मजल्यावरच्या आजी वर येतात. रिकाम्या बाटल्या काचेच्या कुंडीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो. पहिल्या वर्षी मला याचा वैताग यायचा. मग कळलं की हे नुसतं शेजारधर्माचं प्रकरण नाही. रविवार हा कामातून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने जपला जाईल, असं १९१९ च्या वायमार राज्यघटनेत लिहिलं गेलं आणि १९४९ च्या राज्यघटनेने ते कलम जसंच्या तसं उचललं. बर्लिनने नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला परवानगी दिली, तेव्हा चर्चवाले घटना न्यायालयात गेले आणि १ डिसेंबर २००९ ला जिंकले. न्यायालयाचा सूर असा, की दुकानदाराचा फायदा आणि गिऱ्हाइकाची हौस एवढ्याच कारणासाठी सगळ्यांचा रविवार मोडता येणार नाही.

अर्थात आमच्या सहलीसाठी कुणीतरी रविवारी कामावर असतंच. ट्रेनचा ड्रायव्हर असतो, वाफल आणून देणारी मुलगी असते. पण त्यांचाही हिशेब ठेवलेला आहे. रविवारी काम केलं तर दोन आठवड्यांत बदली सुट्टी, आणि वर्षातले किमान १५ रविवार मोकळे. कुठला वार, यापेक्षा कुणाचाच आराम हिशेबातून सुटू नये, हे मला त्यात महत्त्वाचं वाटलं.

आता बोईसर. बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. फर्स्ट, सेकंड, नाइट. साप्ताहिक सुट्टी होती, कागदावरही आणि प्रत्यक्षातही. पण कारखाना कायद्याप्रमाणे जादा कामाला दुप्पट मजुरी मिळायची, आणि माझी इंजिनिअरिंगची फी दरवर्षी वाढायची. म्हणजे बाबांसाठी सुट्टीची किंमत ठरलेली होती : घरी बसलं की दुप्पट पगाराचा एक दिवस गेला. ते बहुतेक वेळा विकायचे. वर्षातून एकदा, जानेवारीत, आम्ही केळव्याला जायचो. सुरूच्या झाडांखाली चटई, आईने केलेली उकडहंडी, त्यातली रताळी आणि कोनफळ. बाबा चटईवर पडल्या पडल्या झोपी जायचे. समुद्र दाखवायला आणलेला माणूस समुद्राकडे पाठ करून झोपलेला, हे माझं सहलीचं पहिलं चित्र आहे.

म्हणून 'मजा आहे बुवा' वाचून मी दचकते. माझ्या शनिवारांखाली त्यांचे रविवार गाडलेले आहेत.

सुट्टीचं समर्थन आपण साधारण दोन प्रकारे करतो. पहिला : मी कष्ट केले, म्हणून मला विश्रांतीचा हक्क आहे. हे वाक्य मी चार वर्षं बाबांना लिहिते आहे, आणि ते त्यांच्यासमोरच कोसळतं. कष्ट हे माप असेल तर सुट्ट्यांची रास त्यांच्या दारात पडायला हवी होती. दुसरा : हे नशीब आहे. मी योग्य वेळी योग्य विषय शिकले, व्हिसा मिळाला. हे खरं आहे, पण हे म्हणून झाल्यावर करायला काहीच उरत नाही. नशीबवान माणसाला फार तर थोडं अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटून घेतलेल्या सुट्टीचा ना त्याला उपयोग, ना दुसऱ्या कुणाला.

या दोन्हींच्या पलीकडचं उत्तर मला आपल्याच इतिहासात सापडलं. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ पासून ते ही मागणी करत राहिले. सभा, अर्ज, हजारो सह्या. रविवार का, तर तो खंडोबाचा वार, असा दाखलाही त्यांनी दिल्याचं सांगतात. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवार इंग्रजांनी दिला असं समजतो. साहेब चर्चला जायचा हे खरं, पण कामगाराच्या वाट्याला तो दिवस मागून, भांडून आला. आणि लोखंड्यांनी तो कुणा मेहनती कामगारासाठी बक्षीस म्हणून मागितला नव्हता. सगळ्यांसाठी मागितला. आळशासाठीसुद्धा.

म्हणजे सुट्टी ही मी कमावलेली वस्तू नाही आणि सापडलेलीही नाही. ती अनेकांनी मिळून सांभाळलेली व्यवस्था आहे. इथपर्यंत मी आले आणि मला बरं वाटलं. अपराधीपणा संपला. मग आम्ही जानेवारीत घरी गेलो.

बोईसरच्या घरामागे एक खोली वाढवायची होती. विटा बघायला बाबा, मी आणि नवरा मनोरच्या बाजूला एका भट्टीवर गेलो. दिवस रविवार, कारण आमच्या सोयीचा तोच. मालक नव्हता. एक जोडपं विटा थापत होतं, पंचविशीतलं असेल, जव्हारकडचं. पोर झोळीत. दिवाळी झाली की घर सोडून यायचं आणि पावसाच्या तोंडाला परत जायचं, हे त्यांचं वर्ष. मी कुठून आले वगैरे गप्पा झाल्या. आमच्याकडे रविवारी दुकानं बंद असतात, हे तिला फार गमतीचं वाटलं.

"मग खर्ची कधी भरता?" तिने विचारलं.

खर्ची म्हणजे आठवड्याच्या खर्चापुरते हातात मिळणारे पैसे. ते मिळाले की अर्धा दिवस बाजार. तेल-मीठ, सुकी मासळी, पोरासाठी भजी. तीच त्यांची सुट्टी आणि तीच सहल. "पूर्ण दिवस सुट्टी नसते?" मी विचारलं. तो हसला. म्हणाला, "घेतली तर कोण नाही म्हणतो? पण विटा तेवढ्या कमी पडतात ना."

पावसाळ्यात घरात काही नसतं, तेव्हा उचल घेतलेली असते. मजुरी हजार विटांमागे. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो, आणि थापलेल्या विटांतून उचल आणि खर्ची वजा होते. कमी विटा म्हणजे फेड कमी. माझी सुट्टी पगारी आहे, बाबांची सुट्टी त्यांना दुप्पट मजुरीला पडायची, आणि या जोडप्याची सुट्टी म्हणजे सरळ कर्ज. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. याच पट्ट्यात श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकात वेठबिगारांच्या सुटकेसाठी लढे दिले. हे सगळं मला वाचून माहीत होतं. पण थंडीच्या दिवसांत घरापासून लांब राहणारं, आठवड्यातून एकदा बाहेर पडणारं जोडपं म्हणून मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. घर बसने दोन-अडीच तासांवर, पण जून उजाडल्याशिवाय तिथे परतायचं नाही. आम्ही तर वर्षातून एकदा विमानाने येतो.

आम्ही विटा घेतल्या. मालकाशी मजुरीबद्दल एक शब्द बोललो नाही. तीन आठवड्यांच्या पाहुण्यांनी काय बोलायचं, असं मी स्वतःला सांगितलं. ते मला अजून पटलेलं नाही.

परतताना गाडीत मी बाबांना म्हटलं, खोलीच्या कामावर जे गवंडी आणि बिगारी येतील, त्यांना रविवारी सुट्टी द्यायची आणि त्या दिवसाची मजुरीही द्यायची. पैसे आम्ही देऊ. आणि भांडीवाल्या मावशींनाही रविवार पगारी. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हाला कुणी दिला होता?"

याला उत्तर नव्हतं. त्यांना मिळाला नाही म्हणून दुसऱ्याला देऊ नये, हे चूक आहे हे मला कळत होतं. पण ज्याने विकलेल्या रविवारांवर मी शिकले, त्याच्याच खिशातल्या गोष्टीवर मी उदार होत होते, हेही कळत होतं. नवरा पुढच्या सीटवरून म्हणाला, "बाबा, तुम्हाला मिळायला हवा होता." एवढंच. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला सांगितलं, रविवार बंद, हजेरी चालू. गवंड्याला खरं वाटेना, त्याने दोनदा विचारलं. काम आठवडाभर लांबलं.

मावशींच्या रविवारचं मात्र मी धड पाहिलंच नव्हतं. आम्ही परत आलो आणि महिन्याभराने आईशी बोलताना कळलं की रविवारची भांडी ती घासते. वय ६४, कंबर दुखते. म्हणजे मी जर्मनीत बसून मावशींना सुट्टी दिली आणि ती आईच्या सुट्टीतून कापून घेतली. आईला रविवार कधी होता, हा प्रश्न इतक्या सगळ्या विचारात माझ्या डोक्यात आलाच नव्हता. लोखंड्यांच्या विजयानंतरही गिरणीतून घरी आलेल्या बाईला चूल होतीच. कुठल्याही राज्यघटनेने अजून चुलीला रविवार दिलेला नाही.

हक्क आणि चैन यांतला फरक मला आता असा दिसतो : एखादी गोष्ट माझ्याकडे आहे आणि शेजाऱ्याकडे नाही, हे पाहून मला जास्त गोड लागत असेल, तर ती चैन. आणि शेजाऱ्याकडे नाही म्हणून ती माझ्याही हातात अर्धीच वाटत असेल, तर तो हक्क. हे माप लावलं तर माझे शनिवार-रविवार अजून मधेच कुठेतरी आहेत. भट्टीवरचं ते जोडपं या हिशेबात आलंच नाही. पुढच्या खेपेला विटा नकोत, तरी त्या बाजूला जाऊन बोलायचं आहे. मालकाशी कसं बोलायचं, बोलल्याने त्या दोघांनाच त्रास होईल का, हे संघटनेच्या लोकांना आधी विचारायला हवं.

आईला मी फोनवर म्हटलं, भांडी तशीच ठेव, मावशी सोमवारी घासतील. ती म्हणाली, "म्हणजे तिला दुप्पट? हा कुठला न्याय?" तेही खरं होतं.

गेल्या रविवारी आम्ही ऱ्हाईनच्या काठाने चालत होतो. धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. फोन वाजला. बाबांचा फोटो. मोरीत स्टुलावर बसलेले, लुंगी गुडघ्यापर्यंत, हाताला फेस, बाजूला घासलेल्या कढईची चळत. खाली लिहिलं होतं, "आजची आमची सहल." मागे दारात आई उभी होती, हातात चहाचा कप.

मी लिहिलं, "मजा आहे बुवा तुमची."

उत्तर यायला वेळ लागला. बहुधा हात ओले असतील.